तीनदा गेलेला माल

इंटिग्रेशनच्या, म्हणजे कंपन्यांच्या वेगवेगळ्या सॉफ्टवेअर सिस्टिम एकमेकींशी जोडायच्या कामाच्या, इंटरव्ह्यूला जाताना एक चित्र सगळेच घोकून जातात. सहा सिस्टिम एकमेकींना थेट जोडल्या तर पंधरा जोडण्या, मध्ये निरोप पोचवणारा एक प्लॅटफॉर्म ठेवला तर सहाच. मीही घोकलं होतं. नोकरी लागली. मग पहिल्याच महिनाअखेरीला कळलं, की मध्ये बसणाऱ्याला दोन्हीकडून बोलणी खावी लागतात.

मी बी.कॉम. चाकणच्या एका कारखान्यात दोन वर्षं डिस्पॅचला होते, चलन फाडायचं काम. तिथून एसएपीच्या (कंपन्यांचे ऑर्डर-मालाचे व्यवहार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) क्लाउड इंटिग्रेशनमध्ये, म्हणजे अशाच मधल्या प्लॅटफॉर्मवर, आले. माझ्या बॅचमधली बाकी सगळी इंजिनिअर. कोडिंग येत नाही म्हणून या क्षेत्राकडे बघत नसाल, तर जरा थांबा. मॅपिंग (एका सिस्टिमचा डेटा दुसरीच्या साच्यात बसवणं) आणि आयफ्लो (निरोपाचा प्लॅटफॉर्मवर आखलेला रस्ता) चार-सहा महिन्यांत हाताला बसतात. डिलिव्हरी म्हणजे काय आणि ती रद्द झाली की गोदामात काय धावपळ होते, हे समजायला मात्र वेळ लागतो, आणि मला ते आधीच ठाऊक होतं.

तरीही आपटले.

काम साधं होतं. एसएपीमधून डिलिव्हरी निघाली की ती आपल्या प्लॅटफॉर्मवर येणार, आपण ती गोदामवाल्यांच्या सिस्टिमला हव्या त्या स्वरूपात पाठवणार. पाठवताना अडचण आली तर क्यूमधून, म्हणजे थांबलेल्या निरोपांच्या रांगेतून, आणखी दोनदा प्रयत्न. टेस्टिंगमध्ये सगळं हिरवंगार. महिनाअखेरीला दुपारी भिवंडीच्या गोदामातून फोन आला, "मॅडम, नाशिकच्या त्या एकाच पार्टीला तीन गाड्या लागल्यात. ऑर्डरच तेवढी आहे का?"

ऑर्डर एकच होती. गोदामाचा सर्व्हर त्या दिवशी रखडत होता, एका मागणीला सत्तर-ऐंशी सेकंद घेत होता. आमच्या एचटीटीपी अडॅप्टरचा (तिकडे निरोप पाठवणाऱ्या भागाचा) टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट बघायची मुदत, ६० सेकंदांचा. आपण वेगळा आकडा टाकला नाही तर तोच असतो. साठाव्या सेकंदाला आमच्या बाजूने "फेल" लिहून मोकळं, तिकडे विसाव्या-पंचविसाव्या सेकंदाला ऑर्डर नोंदून झालेली. आम्ही पुन्हा पाठवली, त्यांनी पुन्हा नोंदवली. असं तीनदा.

इथे नीट थांबा, कारण मी थांबले नव्हते. "कनेक्शन नाकारलं" असं उत्तर आलं तर समोरच्यापर्यंत काही पोचलंच नाही, बिनधास्त पुन्हा पाठवा. ४०० नंबरची एरर आली तर तुमचा डेटाच चुकलाय, शंभरदा पाठवून उपयोग शून्य. टाइमआउट आला तर तुम्हाला काहीच माहीत नसतं. काम झालं असेल किंवा नसेल. मी तिन्हींना एकाच तराजूत घातलं आणि सगळ्यांवर रिट्राय, म्हणजे आपोआप पुन्हा पाठवणं, लावून दिला.

पुढची चूक जास्त लाजिरवाणी आहे. डुप्लिकेट अडवायला म्हणून मी आयफ्लोमध्ये आयडेम्पोटंट प्रोसेस कॉल (एकदा झालेलं काम पुन्हा आलं तर सोडून देणारी पायरी) टाकला आणि मेसेज आयडी, म्हणजे निरोपाचा नंबर, तपासायला लावला. पुढच्या आठवड्यात पुन्हा दोन गाड्या. एक तर एसएपीच्या माणसाने त्याच डिलिव्हरीचं आऊटपुट नव्याने काढलं, की आयडॉकचा (एसएपीतून निघणाऱ्या निरोपाच्या कागदाचा) नंबर नवा आणि मेसेज आयडीही नवा. दुसरं, माझी तपासणी "यशस्वी झालं" असं कळल्यावर खूण करत होती, आणि टाइमआउटमध्ये तेच तर कळत नाही! खूण पडलीच नाही, रिट्राय सरळ पुढे. आपल्या दारावर कितीही पहारा ठेवा, दुबार माल घेणाऱ्याच्याच दारात अडवावा लागतो. त्यासाठी त्याला असा नंबर द्यायचा जो व्यवहाराचा आहे, निरोपाचा नाही. आमच्याकडे डिलिव्हरी नंबर आणि सोबत बदलाचा क्रमांक. नुसता डिलिव्हरी नंबर दिला असता तर खरोखरची दुरुस्तीसुद्धा डुप्लिकेट म्हणून उडाली असती.

हे मला सुचलं जीएसटीच्या ई-इनव्हॉइसवरून, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवायच्या बिलावरून. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवरच्या उलाढालीला तो लागू झाला आणि आमच्याकडे लहान पुरवठादारांची रांग लागली. तिथला आयआरएन, म्हणजे बिलाचा नोंदणी नंबर, ६४ अक्षरांचा. तो विक्रेत्याचा जीएसटी नंबर, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि नंबर यांवरून बनतो. त्यामुळे तेच बिल दहादा पाठवलं तरी नवा आयआरएन निघत नाही, २१५० नंबरची "डुप्लिकेट" एरर येते. नवी मुलं ती पाहून घाबरतात. अहो, ती तर चांगली बातमी आहे. पहिलं बिल पोचलंय, आधीचा आयआरएन घ्या आणि पुढे चला.

गोदामवाल्यांना त्यांच्या बाजूला हीच तपासणी घालायला तीन आठवडे विनवावं लागलं. ऐकतच नसतील तर पाठवण्याआधी "ही डिलिव्हरी तुमच्याकडे आहे का" असं विचारणारा वेगळा कॉल लावा. जुगाड आहे, पण चालतो.

आता क्लासबद्दल. डंप (आधीच्या परीक्षांचे फिरणारे प्रश्न-उत्तरं) पाठ करून सर्टिफिकेट मिळतं, मिळवा हवं तर, रेझ्युमे पुढे सरकायला मदत होते. पण ज्या क्लासमध्ये एकही इंटरफेस मुद्दाम पाडून दाखवत नाहीत, तिथली फी मला तरी वाया गेल्यासारखी वाटते. माझ्या सीनियर दादांनी त्या दिवशी स्वतः काहीच दुरुस्त केलं नाही. फक्त म्हणाले, "ट्रेस लावून बघ आणि मला वेळा सांग." तेव्हा राग आला होता. ट्रेस, म्हणजे निरोपाच्या प्रत्येक पायरीची सविस्तर नोंद, दहा मिनिटांनी आपोआप बंद होतो आणि त्यातला डेटा तासाभरात जातो, हेही मला तेव्हाच कळलं, दोनदा हातचं घालवून.

जुनं पीओ (एसएपीचाच क्लाउडच्या आधीचा इंटिग्रेशन प्लॅटफॉर्म, प्रोसेस ऑर्केस्ट्रेशन) शिकावं का, असं बरेच जण विचारतात. त्याचा नेहमीचा सपोर्ट २०२७ अखेरपर्यंत आहे. वाचता येण्याइतकं शिका, कारण स्थलांतराची कामं तिथूनच येतात.

आणि हो, पहिल्या वर्षी तुमच्याकडूनही काहीतरी दोनदा जाईल. नोकरी जात नाही. माझी गेली नाही, फक्त नाशिकहून गाडी परत आणायच्या भाड्याचा आकडा मला मेलवर सीसीमध्ये दिसला.

आजही अडकलेले मेसेज रीस्टार्ट करायची वेळ आली की मी आधी गोदामात फोन लावते. "थांबा मॅडम, बघतो," म्हणून ते रिसीव्हर टेबलावर ठेवतात, मागे पॅकिंग टेपचा चर्र आवाज येत राहतो, आणि तोवर माझा हात माऊसवर नसतो.