‘ब्रेक शार्प एजेस’ म्हणजे नेमकं काय तोडायचं?

नाशिकच्या सातपूर-अंबड कारखानपट्ट्यात आयटीआय किंवा डिप्लोमा करून नव्याने लागलेल्या मुलांना ‘कॉन्सेंट्रिसिटी’सारखा शब्द फारसा नडत नाही. तो दिसला की मुलगा कुणाला तरी विचारतो, नाहीतर मोबाइलवर बघतो. नडतात ते तिसरी-चौथीत पाठ केलेले साधे इंग्रजी शब्द, ज्यांचा कारखान्यात अर्थ वेगळा असतो. ते येतात अशी खात्री असते, मग विचारतो कोण?

ड्रॉइंगवरच्या टिपांपासूनच सुरुवात करा. ‘ब्रेक ऑल शार्प एजेस’ म्हणजे धारदार कडा किंचित मारायच्या, हाताला लागू द्यायच्या नाहीत. किती मारायच्या ते बहुतेकदा तिथेच दिलेलं असतं, उदाहरणार्थ ०.५ मिमी. ‘लीव्ह ०.३ मिमी फॉर ग्राइंडिंग’ म्हणजे तेवढं मटेरियल शिल्लक ठेवायचं. हे न कळता टर्नरने (लेथवर काम करणाऱ्याने) जॉब थेट फायनल साइजला उतरवला, की ग्राइंडिंगला काढायला काही उरत नाही आणि जॉब भंगारात. (इथे जॉब म्हणजे मशीनच्या चकात, म्हणजे पकडीत, धरलेला तुकडा; पण असे चार तुकडे घालवले की नोकरीवाला जॉबही डळमळतो.)

सगळ्यात फसवा शब्द ‘स्केल’. ‘स्केल १:२’ म्हणजे चित्र प्रत्यक्षाच्या निम्म्या आकाराचं. ‘डू नॉट स्केल’ म्हणजे कागदावर पट्टी लावून माप काढू नका, कारण प्रिंट काढताना चित्र लहान-मोठं होतं. आकड्यात लिहिलेलं तेच माप खरं. ‘रिमूव्ह स्केल’ असेल तर फोर्जिंगवरची, म्हणजे तापवून ठोकून घडवलेल्या तुकड्यावरची, काळी खपली काढायची. बॉयलरमधलं स्केल म्हणजे पाण्यातल्या क्षारांचा थर. शिवाय खिशातली स्टीलची पट्टीही स्केल, आणि पगाराचंही स्केलच!

आटे पाडताना ‘पिच’ आणि ‘लीड’ वेगळे ठेवा. एम १० × १.५ मध्ये १.५ मिमी हे पिच, म्हणजे शेजारच्या दोन आट्यांमधलं अंतर. त्यासाठी टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) मारण्याआधी ८.५ मिमीचं भोक पाडतात. लीड म्हणजे एका फेऱ्यात स्क्रू किती पुढे सरकतो ते. एकेरी आट्याला लीड आणि पिच सारखंच. दुहेरी आट्याला (एकाच स्क्रूवर सोबत फिरणारे दोन आटे) १.५ च्या पिचवर लीड ३ मिमी. परचेसमध्ये ‘लीड टाइम’ म्हणजे ऑर्डर दिल्यापासून माल हातात पडेपर्यंतचा काळ. आणि स्पेलिंग तेच, पण उच्चार ‘लेड’ केला की ते शिसं.

दिंडोरीकडे वाइनरीत काम मिळालं, तर ‘मस्ट’ म्हणजे सालं-बियांसकट चुरडलेल्या द्राक्षांचा रस. ‘ड्राय’ वाइन म्हणजे जिच्यातली साखर जवळजवळ सगळी आंबून संपली आहे ती. ड्राय डेशी तिचा संबंध नाही.

अर्थ ओळखताना आधी शब्द वाक्यात काय काम करतो ते बघा: नाम की क्रियापद? ‘देअर इज प्ले इन द स्पिंडल’ मध्ये प्ले नाम आहे, तेव्हा खेळणं बाद. स्पिंडल, म्हणजे मशीनचा फिरणारा दांडा, ढिला आहे, हलतो आहे. मग कागद कुठल्या खात्याचा आहे ते बघा. ‘चार्ज’ हा शब्द फाउंड्रीत (धातू ओतायच्या कारखान्यात) भट्टीत टाकायच्या मालासाठी, अकाउंट्समध्ये आकारणीसाठी आणि पोलिसांच्या कागदात आरोपासाठी येतो.

डिक्शनरी शिकणाऱ्यांसाठीची, म्हणजे लर्नर्स घ्या. तिच्यात साधारणपणे जास्त वापरातला अर्थ आधी येतो. मोठ्या ऑक्सफर्डच्या १९८९ च्या आवृत्तीत नुसत्या ‘सेट’ या क्रियापदाचे सुमारे ४३० अर्थ आहेत आणि तिथे जुना अर्थ आधी, नवा नंतर. ती नादासाठी वाचावी, कामासाठी नको. वहीत आठवड्याला चार शब्द पुरे, पण प्रत्येक अर्थापुढे आपल्या खात्यातलं एक खरं वाक्य हवं. नुसती अर्थांची यादी दोन दिवसांत विसरते.

परदेशी ग्राहकाच्या मेलमध्ये जास्त सावध राहा. ‘टेबल द इश्यू’ म्हणजे ब्रिटिशांकडे विषय चर्चेला घेणं, अमेरिकनांकडे बाजूला ठेवणं. ‘आय हॅव अ डाउट’ लिहिलंत तर त्याला तुमचा अविश्वास दिसू शकतो, ‘क्वेश्चन’ लिहा. आणि ‘बायवीकली’ म्हणजे आठवड्यातून दोनदा की दोन आठवड्यांतून एकदा, हे इंग्रजांनाही विचारावंच लागतं. डिस्पॅचच्या मेलमध्ये तो शब्द टाळून सरळ तारखा लिहा.