जे. जे. जॉन्सनसारखा ट्रॉम्बोन वाजवायचाय? मग या चुका टाळा

दरवर्षी लग्नांचा मोसम संपून पाऊस लागला की दोन-तीन मुलं ट्रॉम्बोन घेऊन माझ्या दारात उभी राहतात. आमच्या वसईत लग्नाला अजूनही ब्रास बँड लागतो, त्यामुळे वाद्य घरातलंच असतं, काकाचं नाहीतर आजोबांचं. ही मुलं कुठेतरी अमेरिकन जॅझ ट्रॉम्बोनवादक जे. जे. जॉन्सन ऐकून आलेली असतात आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच असतो: "सर, हे एवढं फास्ट कसं वाजवायचं?" सव्वीस वर्षं मी हे वाद्य वाजवतोय, त्यातली पंधरा शिकवतोय. त्याच त्या चुका बघून जीव थकला, म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

वेग ऐकता, दाणा ऐकत नाही

सगळ्या चुकांचं मूळ इथे आहे, म्हणून यावर जरा जास्त बोलणार आहे.

जेम्स लुई जॉन्सन 1924 साली अमेरिकेत इंडियानापोलिसला जन्मला. त्याच्या आधी जॅझमधला ट्रॉम्बोन म्हणजे घसरणारा आवाज. न्यू ऑर्लिन्सला बँड घोडागाडीवर बसून गावभर वाजवत फिरायचा, तेव्हा ट्रॉम्बोनवाल्याला गाडीच्या मागच्या टोकाला बसवायचे, कारण स्लाइड, म्हणजे मागेपुढे सरकणारी नळी, बाहेर काढायला जागा लागते. तिथल्या किड ओरी या ट्रॉम्बोनवाल्याचा तो खालून वर ओढत नेलेला सूर त्याच काळातला. तो आवाज मलाही आवडतो. पण 1940 नंतर सॅक्सोफोनवाला चार्ली पार्कर आणि ट्रम्पेटवाला डिझी गिलेस्पी यांनी बीबॉप ही जॅझची नवी शैली आणली, सूर भराभर आणि तुटक पडायला लागले, आणि लोकांनी ठरवून टाकलं की हे काही ट्रॉम्बोनला जमायचं नाही. सॅक्सोफोनवाल्याला बोट उचललं की पुढचा सूर मिळतो. ट्रॉम्बोनवाल्याला अख्खा हात हलवावा लागतो.

जे. जे.ला ते जमलं. इतकं जमलं की त्याच्या सुरुवातीच्या रेकॉर्ड ऐकून अनेकांना वाटलं, हा स्लाइडचा ट्रॉम्बोन नसणारच, बोटांनी दाबायच्या पिस्टनचा असणार. डिसेंबर 1947 मध्ये तो खुद्द पार्करच्या शेजारी उभा राहून रेकॉर्डिंग करत होता.

आता हे ऐकताना तुमचं लक्ष कुठे असतं? मुलं सांगतात, "काय स्पीड आहे!" स्पीड आहेच. पण आपल्याकडे तान ऐकणाऱ्या माणसाकडे याहून नेमका शब्द आहे: दाणेदार. द्रुत तानेतला प्रत्येक सूर सुटा, गोल आणि सारख्या वजनाचा पडला की आपण मान डोलावतो. जे. जे.चं वाजवणं तसं दाणेदार आहे. 1953 सालचं 'गेट हॅपी' लावा, त्यात ट्रम्पेटवर क्लिफर्ड ब्राउन आहे. ट्रम्पेटला तीन पिस्टन, बोटं जागच्या जागी. त्याच लयीत जे. जे. स्लाइड घेऊन उभा आहे आणि त्याचा एकही दाणा चेपलेला नाही. सूर संपताना लटपटत नाही, उगाच कंप नाही, पुढच्या सुराच्या अंगावर सांडत नाही. वेग त्याच्याकडे आला तो या सफाईतून. तुम्ही आधी वेग मागता आणि सफाई नंतर बघू म्हणता. ती नंतर कधीच येत नाही.

दोन वर्षांपूर्वी बारावीतला एक मुलगा यायचा. हुशार, कान उत्तम, श्वास दणदणीत. चार महिन्यांत त्याने जे. जे.चा एक अख्खा सोलो पाठ केला. मोबाइलमध्ये गती निम्मी करून एकेक सूर शोधला, वहीत लिहिला आणि मग रोज थोडा थोडा वेग वाढवत नेला. मेहनत खरी होती, ती मी नाकारत नाही. पण वाजवायला लागला की हात खांद्यापासून उडायचा. स्लाइड पुढे आपटायची, मागे आपटायची, आणि दोन सुरांच्या मधला सगळा चिखल ऐकू यायचा. तो चिखल लपवायला तो जिभेने जोरजोरात ठोकायचा, मग प्रत्येक सूर 'टक् टक्' असा फुटायचा. दिवाळीनंतर एका कार्यक्रमात त्याने तेच वाजवलं. ड्रमवाल्याने लय अंमळ चढी घेतली आणि आठव्या मात्रेला पोरगं वाहून गेलं. खाली उतरला तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. त्यात दोष माझाही होता. मी त्याला वेळेवर थांबवायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्याची वही बाजूला ठेवली आणि त्याला तीनच सूर दिले: सी, डी, ई-फ्लॅट. मधल्या सप्तकातले.

नीट वाचा, कारण जे. जे.च्या हाताचं मर्म इथे सापडतं. ट्रॉम्बोनला सात पोझिशन, म्हणजे स्लाइड थांबवायच्या सात जागा; पहिली सगळ्यात आत, सातवी सगळ्यात बाहेर. सी तिसऱ्या पोझिशनला, ई-फ्लॅटही तिसऱ्यालाच. डी मात्र पुस्तकात पहिल्या पोझिशनला दाखवतात. म्हणजे सी-डी-ई-फ्लॅट-डी-सी वाजवायला हात तीन-एक-तीन-एक-तीन असा धावतो, दर वेळी दोन घरं. पण तोच डी चौथ्या पोझिशनलाही मिळतो. तिथून घेतलात तर हात तीन-चार-तीन-चार-तीन, एकेका घराचा खेळ, मनगटात बसतो. शिवाय आणखी एक गंमत घडते. सीवरून चौथ्यातल्या डीवर जाताना स्लाइड बाहेर जाते आणि सूर वर चढतो. नळी लांब होतेय आणि सूर चढतोय, म्हणजे ओठांनी मधली पायरी ओलांडली (एकाच पोझिशनला ओठांच्या ताणाने जे वेगवेगळे सूर निघतात, त्या या पायऱ्या). तिथे घसरण ऐकूच येऊ शकत नाही, सूर आपोआप सुटा पडतो, जीभ लागलीच तर नावाला. डीवरून ई-फ्लॅटला मात्र ओठ त्याच पायरीवर राहतात, त्यामुळे तिथे जिभेचा हलका 'द' द्यावाच लागतो.

वरचा बी-फ्लॅट पहिल्याला आहे तसा पाचव्यालाही आहे. एफ पहिल्याला तसा सहाव्यालाही. त्याच्या वरच्या सप्तकातला एफ चौथ्याला मिळतो, पण तिथे तो थोडा उतरलेला येतो, म्हणून स्लाइड किंचित आत घ्यायची. हा नकाशा एकदा अंगात मुरला की कुठल्या वाक्यात कुठला सूर कुठून घ्यायचा हे हात ठरवायला लागतो.

त्या मुलाने तीन आठवडे हेच वाजवलं. मेट्रोनोम 60 वर. माझी सवय अशी की विद्यार्थ्याला भिंतीकडे तोंड करून, भिंतीपासून हातभर लांब उभं करायचं. आवाज परत आपल्याच कानावर येतो आणि घाण असेल तर लपत नाही. कोणी म्हणेल ही काही शास्त्रशुद्ध पद्धत नव्हे. नसेल. मला याचा गुण आलाय. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी मी स्वयंपाकघरात चहा टाकत होतो आणि बाहेरून सी-डी-ई-फ्लॅट येत होतं. स्लाइड हललेली ऐकूच येत नव्हती. गॅस बंद करून मी बाहेर आलो.

प्रत्येक सुराला मींड लावता

ही खास आपली चूक. आपल्या कानांवर मींडेचे संस्कार आहेत, आणि स्लाइड म्हणजे मींड घ्यायला आयतं रान. वरातीत हिंदी गाणं वाजवताना ती शोभतेही, मी स्वतः भरपूर घेतो. पण जे. जे. वाजवायला बसलात की ती कुलपात ठेवा. ज्या वाद्यात सूर ओढणं सगळ्यात सोपं, त्या वाद्यावर त्याने ते सोपं काम बहुतेक ठिकाणी नाकारलं. क्वचित एखादा सूर तो वाकवतो, आणि बाकीचे सरळ ठेवलेले असल्यामुळे तो एक काळजाला लागतो. 'लमेंट' ही त्याचीच रचना, ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसने 1957 मध्ये गिल इव्हान्सच्या ऑर्केस्ट्राबरोबर वाजवली. तिची चाल वाजवून बघा. प्रत्येक सूर त्याच्या पूर्ण लांबीइतका सरळ धरायचा, काहीही न लावता. दोन ओळींत घाम फुटतो.

लॉक न लावता वाद्य उचलता

यावर मी आवाज चढवून बोलतो आणि बोलणार.

ट्रॉम्बोनच्या बाहेरच्या स्लाइडला धरून ठेवणारं एकच लहानसं लॉक असतं. ते लावलं नाही आणि वाद्य खाली झुकलं की स्लाइड घरंगळून थेट जमिनीवर. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात एका लग्नात मिरवणूक निघायच्या आधी आमच्यातल्या एकाने खुर्चीवरून वाद्य उचललं आणि फरशीवर खणकन आवाज झाला. बघायला गेलं तर काहीच नव्हतं, नखाएवढा पोचा. पण आतल्या नळ्यांची टोकं किंचित जाड असतात, त्यांना स्टॉकिंग म्हणतात, आणि बाहेरच्या नळीत त्यांना केसाएवढीच जागा असते. त्या पोच्यावर स्टॉकिंग अडायला लागलं. तिसऱ्या पोझिशनच्या पुढे हात जाईना. ऐन मोसमात वाद्य अकरा दिवस कारागिराकडे, आणि त्याआधी कोणीतरी घरच्या घरी लाकडी दांडा घालून पोचा काढायचा प्रयत्न केला होता, त्याने नळी आणखी वाकली. कारागिराने ते पाहून कपाळाला हात लावला.

तर सवय लावा: ओठांपासून माउथपीस दूर झालं की अंगठ्याने लॉक. वाद्य खुर्चीवर ठेवायचंच नाही, स्टँड नसेल तर पेटीत. पोचा आला तर स्वतः हात लावायचा नाही. माउथपीस अडकलं तर पक्कड लावून पिळायचं नाही, ते काढायचं वेगळं अवजार मिळतं, कारागिराकडे असतं.

आणि स्लाइड अडते म्हणून तेलावर तेल ओतू नका. दहातल्या आठ वेळा ती आतून मळलेली असते. कोमट पाणी, थोडा सौम्य साबण, लांब वायरचा ब्रश. गरम पाणी नको, लॅकर, म्हणजे वरचा चकाकीचा थर, उडतं. वाळल्यावर स्टॉकिंगवर स्लाइडचं क्रीम अगदी थोडं, मग पाण्याचा फवारा. आपल्या दमट हवेत पावसाळ्यात मी हे दर आठवड्याला करतो. जे. जे.चा हात हवा असेल तर आधी स्लाइड अशी हवी की उभी धरून लॉक काढलं की आपल्या वजनाने सरकन खाली यावी. तळाशी हात धरून बघा. नाही आली तर रियाज नंतर, धुणं आधी.

बाकीच्या चुका झरझर सांगतो.

फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. खालचे सूर तो गिळून टाकतो आणि जे. जे.च्या आवाजातला गडदपणा त्या खालच्या भागातच असतो. साधे हेडफोन चालतील.

जे. जे. आणि दुसरा ट्रॉम्बोनवाला काई विंडिंग यांची 1954 पासूनची जोडी ऐकताना दोघांत गल्लत करू नका. काईचा आवाज जास्त धारदार, चावरा. जे. जे.चा गोल. आठवडाभर रोज एक रेकॉर्ड ऐका, कोण कधी सुरू करतो ते कागदावर लिहा.

'डूडल टंगिंग एका दिवसात' असले व्हिडिओ बघू नका. भराभर सूर तोडायची ती जिभेची वेगळी विद्या आहे, ट्रॉम्बोनवाल्या कार्ल फॉन्टानासारख्यांनी वर्षानुवर्षं घोटलेली.

मोठ्या बोअरचा (बोअर म्हणजे नळीची आतली रुंदी), ऑर्केस्ट्राचा ट्रॉम्बोन विकत घेऊन जॅझचा आवाज का येत नाही म्हणून विचारू नका. बारीक बोअरचा घ्या.

सोलो पाठ करण्याआधी मूळ गाणं पाठ करा. हे न करणाऱ्याला मी पुढचा धडा देत नाही.

त्याला एकाच काळात कोंडता

घाईची माणसं दोन वेगवान रेकॉर्ड ऐकून जे. जे. संपवतात. त्याने सुरांची सरळ रेघ ओढायला शिकलं ते फ्रेड बेकेट नावाच्या ट्रॉम्बोनवाल्याला आणि सॅक्सोफोनवर लेस्टर यंगला ऐकून, हे त्यांना माहीत नसतं. 1952 ते 1954 त्याने वाद्यावर पोट न भरता एका कारखान्यात नकाशे तपासायची नोकरी केली, हेही नाही. आणि त्याच काळात, 29 एप्रिल 1954 ला, माइल्सबरोबर 'वॉकिन'चं ते तेरा मिनिटांचं रेकॉर्डिंग झालं. ते आधी ऐका. मध्यम लयीतला ब्लूज आहे, घाई कुठेच नाही. जे. जे. थोडे सूर घेतो, त्यांच्यामध्ये जागा सोडतो, आणि त्या जागेतही लय जराही ढळत नाही.

त्यानंतर 1957 चं 'ब्लू ट्रॉम्बोन', टॉमी फ्लॅनॅगन (पियानो), पॉल चेंबर्स (बास) आणि मॅक्स रोच (ड्रम) यांच्यासोबत. मग थेट 1988, न्यू यॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या जॅझ क्लबमधलं रेकॉर्डिंग. मधली बरीच वर्षं तो कॅलिफोर्नियात सिनेमा आणि टीव्हीला संगीत देत होता, आता वय चौसष्ट. ते ऐकताना वाद्य हातात घेऊ नका. पेटी बंद, लॉक लावलेलं.