बटाट्याच्या रानातल्या भेगा आधी बुजवा, औषधाचं नंतर बघू

सोलापूरची जानेवारीतली गड्ड्याची यात्रा उरकली. पहाटे अजून गारठा आहे, पण अकरानंतरचं ऊन चटका द्यायला लागलंय. माढा, मोहोळ, पंढरपूर, बार्शी भागात ज्यांनी ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात बटाटा लावला, त्यांच्या रानात आता बटाटा पोसतोय. याच आठवड्यात एक काम करा. रानात जा, वरंब्यावर वाका आणि भेगा बघा. करंगळी शिरेल एवढी भेग असेल तर त्यातून पाकोळी आरामात आत जाते.

पाकोळी म्हणजे बटाट्यावरची ती राखाडी-तपकिरी, अरुंद पंखांची, बोटाच्या पेराएवढीही नसलेली पतंगासारखी कीड. दिवसा पाल्याखाली दडून बसते आणि अंधार पडला की उडते. मादी शंभर-दीडशे अंडी घालते, उघडा बटाटा सापडला तर त्याच्या डोळ्यापाशीच. अळी निघाली की डोळ्यातून आत शिरते. थंडीत हिचं चक्र रेंगाळतं, ऊन वाढलं की महिन्याच्या आत नवी पिढी उडते. म्हणून जानेवारीअखेर ते काढणीपर्यंतचे दिवस सगळ्यात धोक्याचे. नेमके याच दिवसांत आपलं काळं रान भेगाळतं.

मागे एकदा माढा तालुक्यात पूर्वहंगामी उसात बटाट्याचं आंतरपीक बघायला गेलो होतो. पाला हिरवागार होता, मालकानं तीन फवारण्या केल्या होत्या आणि तिसरी सगळ्यात महागाची होती. कुदळीनं पहिला वरंबा फोडला. वरच्या थरातला बटाटा हातात घेतला तर डोळ्यापाशी काळपट, रवाळ घाण जाळ्यात अडकलेली. नखानं डोळा उकलला, आत बोगदा आणि त्यात पांढरट गुलाबी अळी, तपकिरी डोक्याची. त्याच झाडाचे खालच्या थरातले बटाटे मात्र स्वच्छ होते. मग आम्ही वरंबाभर बघत गेलो. जिथं भेग होती तिथं कीड, आणि जिथं माती मिटलेली तिथं काही नाही. रानाच्या शेपटाकडे, जिथं पाणी कमी पोचतं, तिथं नुकसान जास्त. तेव्हापासून मी बटाट्याच्या कुठल्याही रानात गेलो की आधी शेपटाकडेच जातो.

दुकानात कोणी हे सांगत नाही, कारण भेग बुजवायला काही विकत घ्यावं लागत नाही.

आता ही कीड आली कुठून ते ऐका. हिचं मूळ दक्षिण अमेरिकेतलं, बटाट्याचंही तेच. तिथं अँडीज पर्वतात, पेरू, इक्वेडोर, कोलंबिया या देशांत तीन-तीन हजार मीटर उंचीवर बटाटा पिकतो, आणि तिथं हिच्या दोन भाऊबंद पाकोळ्याही बटाटा पोखरतात. त्यातली एक ग्वाटेमालाची. तिची अळी फक्त बटाट्यावरच जगते, पाल्याला शिवतही नाही. ती 1983 मध्ये व्हेनेझुएलात, 1985 मध्ये कोलंबियात आणि 1996 मध्ये इक्वेडोरला पोचली. शास्त्रज्ञांनी गावोगावच्या पाकोळ्यांचा डीएनए तपासला तेव्हा दिसलं की मूळ मुलखात तिच्यात खूप विविधता आहे आणि दरेक नव्या देशात ती कमी होत गेली आहे. म्हणजे ती झुंडीनं उडत आली नाही. मूठभर किडके बटाटे बियाण्याच्या पोत्यातून आले आणि तेवढ्याच कुळातून पुढचा सगळा वंश वाढला. आपल्याकडची पाकोळीही 1906 च्या सुमारास इटलीहून आलेल्या बियाण्याबरोबरच मुंबई इलाख्यात उतरली.

याचा तुमच्या वीस गुंठ्यांशी काय संबंध? संबंध दोन ठिकाणी आहे.

एक, बियाणं. सोलापूरला बियाणं पंजाबातून येतं, उत्तर प्रदेशातून येतं, कधी मंचर-खेडच्या बाजारातून उचललं जातं. तीन ठिकाणची पोती एका शिवारात आली तर तीन ठिकाणची पाकोळी इथं एकत्र नांदायला लागते. एका ठिकाणची एका औषधाला दाद देत नसेल, दुसऱ्या ठिकाणची दुसऱ्याला. त्यांची पैदास एकमेकींत झाली की पुढच्या पिढीत कुठला गुण उतरेल ते दुकानदाराला सांगता येत नाही, मलाही येत नाही.

दोन, औषध. विविधता कमी म्हणजे कीड दुबळी, असा हिशेब धरू नका. टोमॅटोवरची टुटा बघा, ही याच पाकोळीची जवळची नातलग. भारतात ती 2014 मध्ये पुण्याकडे टोमॅटोवर पहिल्यांदा सापडली. जगभर पसरलेली टुटा जवळजवळ एकाच कुळातली आहे, तरी ब्राझील, इटली, ग्रीस इथं ती क्लोरँट्रानिलिप्रोल या कीटकनाशकाच्या गटाला दाद देईनाशी झाली. आणि आपल्या भागात याच गटाची औषधं टोमॅटोवर, वांग्यावर, हरभऱ्यावर, मक्यावर वर्षभर पडतात. बटाट्याची पाकोळी टोमॅटो-वांग्यावरही जगते. तुमच्या बांधापलीकडच्या टोमॅटोत तिनं तो मारा आधीच खाल्लेला असेल, तर तुमची महागाची बाटली तिला नवी नाही.

पण कुठल्याही कुळातली असो, औषध पचवणारी असो, पाकोळीला माती उकरता येत नाही. तीन-चार बोटं मिटलेली माती वर असेल तर तिला बटाटा सापडत नाही. म्हणून माझा भर भेगांवर आहे.

भेगा कशा बुजवायच्या ते सांगतो. पाणी लांबवू नका. कालव्याच्या आवर्तनावर असाल तर दोन पाळ्यांच्या मधल्या काळात विहिरीचं थोडं पाणी द्या. हलकं द्या, पण पाळी चुकवू नका. काळ्या मातीत थोड्या ओलीनंही भेग मिटते. तुषार असेल तर फार उत्तम, वरंब्याचा माथा ओला राहतो. ठिबकवाल्यांनी फसू नये. नळीखाली ओल दिसते, पण वरंब्याची बाहेरची कड कोरडी पडून तिथं उभी चीर जाते आणि नजरेला येत नाही. पाणी देऊन वापसा आला की खुरप्यानं किंवा हातकोळप्यानं माती ओढून चीर बुजवा. उघडा पडून हिरवा झालेला बटाटा दिसला की तो झाका किंवा काढून टाका. उसातल्या बटाट्याला ऊस मोडेल या भीतीनं भर लावत नाहीत. तिथं दोन बायकांना खुरपी देऊन फक्त बटाट्याच्या बाजूनं माती चढवून घ्या, दिवसभराची मजुरी एका फवारणीपेक्षा कमी पडते.

काढणीच्या आधीचा आठवडा सगळ्यात नाजूक. आपण सगळेच सांगतो की काढणीआधी आठ-दहा दिवस पाणी तोडा, म्हणजे साल पक्की होते. ते बरोबरच आहे. पण काळ्या रानात पाणी तोडलं की चौथ्या दिवशी रान तडकतं, वरून पाला वाळायला लागतो, आणि पाल्यातल्या अळ्या देठावरून खाली उतरून बटाट्याकडे जातात. म्हणून पाला कापला त्याच दिवशी तो रानाबाहेर न्या आणि त्याच दिवशी वरंब्यावरून हलकी माती ओढून भेगा भरा. दोन दिवसांनी परत एकदा फिरा. काढणी पुढं ढकलू नका. बाजार चढेल म्हणून बटाटा रानात ठेवणारे लोक मी पाहिलेत. भाव दोन रुपयांनी चढला तोवर चौथाई माल किडला होता.

बाकीची कामं थोडक्यात:

– बियाणं: प्रमाणित, 30 ते 50 ग्रॅमचे अख्खे बटाटे. पोतं उघडून शंभर बटाट्यांचे डोळे तपासा, डोळ्यापाशी घाण दिसली तर पोतं परत.
– लागवड: 10 ते 15 सेंमी खोल. उथळ लावलेला बटाटा पुढं उघडा पडतोच.
– भर: दोनदा, शेवटची साधारण 60 दिवसांच्या आत.
– खत: माती परीक्षणाप्रमाणे. आता, पोसण्याच्या वेळी, युरिया नको.
– तण: कामोणी, धोतरा ही बटाट्याच्याच कुळातली तणं बांधावरूनही काढा.
– फेरपालट: टोमॅटो-वांग्याच्या मागं बटाटा नको.

कामगंध सापळे एकरी आठ लावा, पण ल्युअर, म्हणजे सापळ्यातलं गंधाचं आमिष, बटाट्याच्या पाकोळीचंच मागून घ्या. गुलाबी बोंडअळीचं किंवा टुटाचं ल्युअर हातात देऊन “सगळं एकच असतं” म्हणणारे भेटतात. एकच नसतं, दरेक किडीचा गंध वेगळा. सापळे भरले म्हणजे कीड संपली असंही नाही, रानात काय चाललंय ते त्यावरून कळतं एवढंच. मी स्वतः संध्याकाळी दिवेलागणीला वरंब्यावरून पाला हातानं हलवत चालतो. पंचवीस पावलांत पाच-सहा पाकोळ्या उठल्या तर त्या रात्री झोप लागत नाही. हा आकडा कुठल्या शिफारशीत नाही, माझ्या अंदाजाचा आहे.

फवारायचंच असेल तर आधी 5 टक्के निंबोळी अर्क. पाच किलो निंबोळी भरड रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा, पाणी 100 लिटर करा आणि संध्याकाळी फवारा. पाल्यावर नागमोडी पोखरलेली पानं वाढतच असतील तर क्विनॉलफॉस 25 टक्के, 10 लिटर पाण्यात 20 मिली. पण डब्यावरचं लेबल वाचून, त्यावर लिहिलेले काढणीआधीचे दिवस पाळून. काढणी तोंडावर असेल तर नकोच. दोन-तीन औषधं एकत्र करून “स्ट्राँग डोस” मारू नका, टॉनिक तर अजिबात नको, त्यानं पाला वाढतो आणि पाकोळीला सावली मिळते. मित्रकीटकही आहेत. चेलोनस ब्लॅकबर्नी ही बारीक गांधीलमाशी पाकोळीच्या अंड्यात आपलं अंडं घालते. हेक्टरी 30,000, लागवडीनंतर 40 आणि 70 दिवसांनी सोडायची शिफारस आहे. यंदा वेळ गेली असेल, पण पुढच्या हंगामासाठी मोहोळच्या कृषी विज्ञान केंद्रात आत्ताच विचारून ठेवा. ती सोडल्यावर रासायनिक फवारणी केली तर पैसे पाण्यात.

काढलेला बटाटा रात्रभर रानात ठेवू नका. ढिगावर बटाट्याचाच पाला टाकायची सवय फार वाईट. पाकोळी त्या पाल्याखाली बसून रातोरात अंडी घालते, आणि पाला सुकला की त्यातल्या अळ्या थेट ढिगात. झाकायला रिकामी पोती किंवा ताडपत्री घ्या. संध्याकाळच्या आत माल शेडमध्ये गेला पाहिजे. आरण, म्हणजे साठवणीचा ढीग, लावणार असाल तर एकेक बटाटा हातावरून जाऊ द्या. एक किडका आत गेला तर दोन महिन्यांनी वासानं कळेल. तळाशी आणि वर वाळलेला कडुनिंबाचा किंवा घाणेरीचा पाला जाड पसरा. खायच्या बटाट्यावर कीटकनाशकाची पावडर मारू नका, कोणीही सांगितलं तरी. शीतगृहाच्या तीन-चार अंशांत अळी वाढत नाही, पण बाहेर काढलं की आधी शिरलेली अळी पुन्हा कामाला लागू शकते, म्हणून तिथंही निवडलेलाच माल.

निवडीतला किडका माल उकिरड्यावर टाकू नका. काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठ-दहा दिवस उन्हात ठेवा, मग दोन फूट खोल पुरा. हिरवे बटाटे जनावरांना घालू नका.

आणि उसातल्या बटाट्यावाल्यांनी काढणीनंतर एकदा परत सरीतून फिरावं. चुकलेले बटाटे उसाच्या बेटापाशी राहतात, मोठ्या बांधणीच्या वेळी मातीत गाडले जातात आणि उन्हाळाभर उसाच्या सावलीत फुटून पाला धरतात. तिथं पाकोळी पुढच्या दिवाळीपर्यंत मुक्काम करते. बांधणीआधी असा कोंब दिसला की खालच्या जुन्या बटाट्यासकट उपटा.