नोकरी गेल्यावर वसुलीचे फोन कसे हाताळायचे

हिंजवडी असो की चाकण, शेवटचा पगार जमा झाला की त्याच आठवड्यात बँकेला मेल टाका: नोकरी अमुक तारखेला गेली, सोबत रिलीव्हिंग लेटर जोडलंय, दरमहा इतकेच जमतील, मुदत वाढवून हप्ता कमी करून द्या. शाखेत पत्र दिलंत तर आपल्या प्रतीवर शिक्का घ्या. ९० दिवस थकलं की कर्ज एनपीएत, म्हणजे बँकेच्या थकीत कर्जांच्या यादीत जातं, मग बँकेचा सूर बदलतो. घरखर्चाचे पैसे कर्ज असलेल्या बँकेत ठेवू नका. तिथे जमा झालेली रक्कम हप्त्यात वळती होऊ शकते.

फोनवाल्याला तुमच्याकडून एकच गोष्ट हवी असते, तारीख. सुटका व्हावी म्हणून "सोमवारी भरतो" म्हणालात की सोमवारी सकाळपासून फोन सुरू. त्यापेक्षा शांतपणे म्हणा: "तुमचं पूर्ण नाव आणि एजन्सी सांगा. बँकेचं अधिकारपत्र मेल करा. मी बँकेला लेखी कळवलंय." एवढं बोलून ठेवून द्या. वाद घालू नका, रडगाणंही नको. वहीत तारीख, वेळ, नंबर, तो काय म्हणाला ते लिहा. कॉल रेकॉर्ड करा.

सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. शिवीगाळ, धमकी, सासऱ्यांना किंवा मित्रांना फोन करून बदनामी, हेही चालत नाही. तक्रार आधी बँकेकडेच लेखी करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन, माहितीसाठी १४४४८. ही पहिली पायरी गाळली तर लोकपाल तक्रार घेत नाही, आणि बरेच जण इथेच अडकतात.

"पोलीस घेऊन येतो" ही बहुधा पोकळ धमकी. हप्ता थकणं ही दिवाणी बाब आहे. मात्र चेक किंवा ऑटो-डेबिट बाउन्स झाला तर फौजदारी खटला होऊ शकतो. चेकच्या नोटिशीनंतर पैसे भरायला १५ दिवस मिळतात, म्हणून टपालाने आलेलं नोटिशीचं पाकीट परत पाठवू नका. व्हॉट्सअॅपवर आलेली "कोर्टाची नोटीस" अनेकदा लोकअदालतीचं नुसतं बोलावणं असतं. शंका असेल तर पुण्याच्या शिवाजीनगर कोर्टातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात कागद दाखवा. लोकअदालतीत तडजोड दोघांच्या संमतीनेच होते, तेव्हा जायला घाबरू नका.

एजंटच्या स्वतःच्या यूपीआयवर एक रुपयाही टाकू नका. सेटलमेंट, म्हणजे थकबाकीपेक्षा कमी रकमेत मिटवणं, ठरली तर बँकेच्या लेटरहेडवर रक्कम आणि तारीख लिहून आल्यावरच पैसे थेट कर्जखात्यात भरा, मग काही देणं उरलं नाही असं नो ड्यूज पत्र मागून घ्या. पण सेटलमेंट केली की सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीवर, "सेटल्ड" शेरा पडतो आणि पुढचं कर्ज त्यामुळे अडतं. पूर्ण फेडणं शक्य असेल तर सेटलमेंटच्या मोहात पडू नका.