ज्वारीचं पीक आणि ज्वारीचं धान्य एकच झालं तेव्हा

पिकांच्या संज्ञाकोशाला बाहेरचे दोन कोश जोडले आणि ‘ज्वारी’ शोधल्यावर पेरणीचा हंगाम व धान्याची साठवण एकाच नोंदीत येऊ लागली. मूळ दोष जोडणीत होता. आमची ज्वारी एका कोशातल्या वनस्पतीला आणि दुसऱ्यातल्या धान्याला ‘आउल:सेमॲज’ने (आउल या ज्ञान मांडण्याच्या भाषेतल्या जोडणीने) बांधलेली. सेमॲज म्हणजे ‘सारखं’ नव्हे, ‘तीच वस्तू’! म्हणून रीझनरने (दिलेल्या विधानांतून नवी विधानं काढणाऱ्या प्रोग्रॅमने) वनस्पती आणि धान्य एकच मानून दोन्हींची सगळी विधानं एकत्र केली. नियमाप्रमाणे ते बरोबरच.

आधी नोंद फोडली: ज्वारी (पीक), ज्वारी (धान्य); मध्ये ‘स्कॉस:रिलेटेड’, म्हणजे ‘संबंधित’ (स्कॉस ही संज्ञाकोश मांडायची प्रमाण पद्धत). बाहेरच्या जोडण्या ‘एक्झॅक्टमॅच’ने (तंतोतंत जुळणी), शंका असेल तिथे ‘क्लोजमॅच’ने (जवळची जुळणी). एक्झॅक्टमॅच साखळीने पुढे जातो (अ-ब आणि ब-क जुळले की अ-क जुळले), क्लोजमॅच जात नाही. त्यामुळे शंकेच्या जोडणीतली एखादी चूक पसरत नाही.

नुसत्या सेमॲजच्या ओळी पुसून भागलं नाही, कारण अनुमानित ट्रिपल्स (रीझनरने काढलेली तीन भागांची विधानं) साठवले गेले होते. साठा पूर्ण रिकामा करून मूळ टर्टल फाइलींतून (ट्रिपल्स लिहिण्याच्या मजकूर-फाइली) पुन्हा भरला. मग स्पार्कल या प्रश्नभाषेने प्रत्येक संकल्पनेचे ‘प्रेफलेबल’ (मुख्य नाव) भाषेनुसार मोजले. स्कॉसमध्ये एका भाषेत एकच चालतो, म्हणजे उत्तरात एकाहून जास्त प्रेफलेबल असलेल्या ओळी शून्य हव्यात.

तरी ‘चाऱ्याची ज्वारी’ सापडेना. ऱ्या तीन प्रकारे टाइप झाला होता. एनएफसी (युनिकोडमधलं एकसारखं रूप) केल्यावर ‘र अधिक नुक्ता’ सरळ झाला, पण झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं अदृश्य चिन्ह) वापरून लिहिलेला ऱ्या एनएफसी बदलत नाही. तो वेगळा शोधून बदलावा लागला.