लाकडाच्या स्टोव्हचा पाईप जुन्या चिमणीला कसा जोडावा

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात आम्ही जुनं घर घेतलं, तेव्हा त्यात विटांची चिमणी आणि तिला जोडलेला लाकडाचा स्टोव्ह होता. पहिल्याच हिवाळ्यात पाईपच्या सांध्यांतून काळपट ओघळ यायला लागले. तापलेल्या स्टोव्हवर थेंब पडला की चर्र आवाज व्हायचा आणि घरभर डांबराचा वास सुटायचा. सांधे घट्ट होते, पत्राही चांगला होता. पण ज्याने कोणी तो बसवला होता, त्याने पाईपचे सगळे तुकडे उलटे लावले होते.

पाईपच्या तुकड्याचं एक टोक साधं असतं. दुसऱ्या टोकाला चुण्या पाडून ते किंचित निमुळतं केलेलं असतं. हे चुण्यांचं टोक नेहमी खाली, स्टोव्हच्या बाजूला ठेवायचं. धूर वर जातो म्हणून निमुळतं टोक वर हवं, असं पुष्कळांना वाटतं. पण चिमणीची ओढ नीट असेल तर सांध्यातून धूर बाहेर येतच नाही, उलट खोलीतली हवा आत खेचली जाते. बाहेर येतं ते पातळ डांबर. धूर थंड पत्र्याला लागला की त्यातली वाफ आणि चिकट अंश पाईपच्या आतून जमतो, त्याला क्रिओसोट म्हणतात. तो खाली ओघळतो. आपल्याकडे गच्चीवरून उतरणारा पावसाच्या पाण्याचा पाईप आठवा: वरचा तुकडा खालच्याच्या आत बसतो, म्हणून पाणी भिंतीवर येत नाही. इथेही तेच. ओघळ आतल्या आत परत स्टोव्हमध्ये जातो आणि जळून जातो.

आता कामाला सुरुवात करू, पण पाईप विकत घेण्याआधी चिमणी तपासून घ्या. चिमणी साफ करणाऱ्या माणसाला बोलवा आणि आतलं मातीचं अस्तर तडकलंय का ते कॅमेऱ्याने बघायला सांगा. त्याच धूरमार्गाला तेलाची किंवा गॅसची भट्टी जोडलेली असेल तर तिथे लाकडाचा स्टोव्ह जोडायचाच नाही. नगर कार्यालयात परवान्याची चौकशी करा आणि विमा कंपनीलाही कळवा.

मग माप. स्टोव्हच्या गळ्याचा, म्हणजे धूर बाहेर पडतो त्या गोल तोंडाचा, व्यास 6 इंच असेल तर पाईपही 6 इंचीच घ्यायचा, कुठेही बारीक करायचा नाही. त्याचं क्षेत्रफळ साधारण 28 चौरस इंच होतं. चिमणीचा आतला मार्ग त्याच्या तिपटीपेक्षा मोठा नसावा. चिमणी घराच्या बाहेरच्या भिंतीला असेल तर दुपटीपेक्षा मोठा नसावा. मार्ग फार ऐसपैस असला की धूर रेंगाळतो, थंड होतो आणि क्रिओसोट साचतो. अशा वेळी चिमणीत स्टेनलेस स्टीलची नळी सोडून घ्यावी लागते. खर्च मोठा आहे, तरी मी तो टाळा असं कधीच सांगणार नाही.

पाईप 24 गेजचा (गेज म्हणजे पत्र्याच्या जाडीचं माप) काळा पोलादी घ्या. जस्ताचा मुलामा असलेला चंदेरी पाईप स्वस्त मिळतो, पण तापल्यावर त्या मुलाम्यातून घातक धूर निघतो. एकेरी पत्र्याच्या पाईपपासून लाकूड, पडदे, ड्रायवॉल (कागद चिकटवलेले जिप्समचे भिंतीचे तक्ते), असं जळू शकणारं सगळं निदान 18 इंच दूर हवं. भिंतीपासून 1 इंच सुटा ठेवून पत्र्याचा आडोसा लावला तर हे अंतर कमी करता येतं. दुहेरी पत्र्याच्या पाईपला बहुधा 6 इंच पुरतात, नेमका आकडा त्याच्या लेबलवर असतो. एकेरी पाईप छतातून किंवा लाकडी भिंतीतून कधीच न्यायचा नाही.

जोडणी आधी जमिनीवर मांडून बघा. वाटेत 90 अंशांचे दोनापेक्षा जास्त एल्बो, म्हणजे वळणाचे तुकडे, नकोत, एक असेल तर उत्तमच. लांबी कमी करायची असेल तर पाईपची शिवण (पत्रा गुंडाळून जोडतात तो लांबीभरचा सांधा) बंद करण्याआधी पत्रा कापा आणि साध्या टोकाकडून कापा, म्हणजे चुण्या शाबूत राहतात. हातमोजे घाला, कापलेल्या पत्र्याची कड ब्लेडसारखी असते. आडव्या भागाला चिमणीकडे चढता उतार द्या, फुटाला पाव इंच. त्या भागाची शिवण वरच्या अंगाला ठेवा. प्रत्येक सांध्याला पत्र्याचे तीन स्क्रू मारा. स्टोव्हच्या गळ्याशीही तीन.

सगळ्यात जपून करायची जागा म्हणजे थिंबल, भिंतीतून चिमणीत उघडणारा गोल मुखनळा. तारेच्या टोकाला छोटा आकडा वाकवा, ती थिंबलमधून आत घाला आणि आकडा चिमणीच्या आतल्या कडेला अडकेपर्यंत मागे ओढा. खोलीकडच्या कडेला तारेवर खूण करा. तेवढीच लांबी पाईपवर मोजून खडूने रेघ ओढा. पाईप त्या रेघेपर्यंतच आत जायला हवा. जास्त घुसला तर धुराची वाट अडते, कमी गेला तर राख आणि काजळी थिंबलमध्ये साचते. भोवतीची फट तापरोधक दोरीने भरा. सिमेंटने कायमची लिंपू नका, सफाईच्या वेळी पाईप काढावा लागतो.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावून मगच पहिला जाळ करा. तो लहानच ठेवा आणि खिडक्या उघडा, कारण पाईपचा रंग पक्का होताना वास आणि थोडा धूर येतो. सांध्यांजवळ उदबत्ती धरून फिरवा. तिचा धूर सांध्याकडे ओढला गेला तर ओढ बरोबर आहे. खोलीकडे ढकलला जात असेल तर जाळ विझू द्या आणि चिमणी तुंबली आहे का ते आधी बघा. पाईपवर चुंबकाचं थर्मामीटर चिकटवा. एकेरी पाईपच्या पृष्ठभागाचं तापमान 250 ते 475 अंश फॅरनहाइट, म्हणजे अंदाजे 120 ते 245 सेल्सिअस, या पट्ट्यात राहिलं की जळण नीट चाललंय. ओलं सरपण घातलं तर तिथवर पोचणं कठीण होतं, म्हणून 20 टक्क्यांहून कमी ओल असलेलं लाकूडच वापरा.

पहिल्या हिवाळ्यात दर महिन्याला, स्टोव्ह पूर्ण गार झाल्यावर, एल्बो उघडून टॉर्चने आत बघा. काजळीचा थर अष्टमांश इंच झाला असेल तर पुन्हा जाळ करण्याआधी सफाई करून घ्या.