प्रॉगवाल्यांच्या पाहुण्या हजेऱ्यांची यादी करताय? मग या चुका टाळा

प्रॉग म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉक, लांबलचक, गुंतागुंतीची गाणी करणारा रॉकचा प्रकार; त्यातली मंडळी दुसऱ्यांच्या अल्बमवर कुठे कुठे वाजवून गेलीयेत हे शोधत बसणं हा एकदम मस्त नाद आहे. मला कॉलेजपासून आहे. पण हल्ली ज्याची त्याची यादी बघावी तर त्याच त्या चुका, क्विझला गेलो तरी त्याच, कुणाकडे रेकॉर्ड ऐकायला जमलो तरी त्याच. म्हटलं एकदाच काय ते लिहून टाकावं, म्हणजे पुढच्या वेळी वाद घालायच्या ऐवजी हेच पाठवता येईल.

साल न बघणं

ही सगळ्या चुकांची आई. "येसच्या रिक वेकमनने डेव्हिड बोवीच्या 'स्पेस ऑडिटी'वर मेलोट्रॉन वाजवलाय", हे वाक्य तुम्ही पण कुठेतरी वाचलंच असेल. (येस हा प्रॉग बँड, मेलोट्रॉन म्हणजे टेपवर भरलेले सूर वाजवणारा कीबोर्ड.) वाजवलाय हे खरंय, पण गाणं १९६९ चं आणि वेकमन येसमध्ये आला १९७१ च्या ऑगस्टमध्ये. 'स्पेस ऑडिटी'च्या वेळी तो वीस वर्षांचा पोरगा होता, लंडनमधल्या ज्या स्टुडिओतून बोलावणं येईल तिथे जायचं, वाजवायचं, पैसे घ्यायचे आणि घरी यायचं. येसचा कीबोर्डवाला तेव्हा टोनी के होता. मग यात येसचा संबंध आला कुठून आणि पाहुणा कोण? रोजंदारीवरचा माणूस तो, कामाला आलेला.

टी. रेक्सच्या 'गेट इट ऑन'चं तेच. १९७१ चं गाणं, त्यातले पियानोचे सर्रकन खाली घसरणारे सूर वेकमनचे आणि सॅक्सोफोन इयन मॅकडोनाल्डचा, म्हणजे किंग क्रिमसन या प्रॉग बँडच्या पहिल्या अल्बमवाला. ऐकायला किती भारी वाटतं ना, येस आणि क्रिमसन एकाच पॉप गाण्यात! पण एक अजून येसमध्ये आला नव्हता आणि दुसरा क्रिमसन सोडून बाहेर पडलेला. गाणं मस्तच आहे, लिहा खुशाल, फक्त "येस आणि क्रिमसनचे कलाकार" असं लिहू नका.

बोवीचा 'हंकी डोरी' तर अजून मजेशीर. रेकॉर्डिंग झालं १९७१ च्या उन्हाळ्यात, अल्बम आला डिसेंबरमध्ये, आणि मधल्या काळात वेकमन आपला तेव्हाचा बँड स्ट्रॉब्ज सोडून येसमध्ये पोचला पण. तेव्हा अल्बम कधी आला ते बघून भागत नाही, वाजवलं कधी ते बघावं लागतं. 'लाइफ ऑन मार्स'चा पियानो ऐकताना हे डोक्यात ठेवा.

अ‍ॅलन व्हाइटने १९७० मध्ये जॉन लेननच्या 'इन्स्टंट कर्मा'वर ड्रम वाजवले, येसमध्ये गेला १९७२ ला. टोनी लेव्हिन १९८० मध्ये लेननच्या 'डबल फँटसी'वर आहे, क्रिमसनमध्ये १९८१ ला. एड्रियन ब्ल्यू टॉकिंग हेड्सच्या 'रिमेन इन लाइट'वर १९८० ला, क्रिमसनमध्ये तोही १९८१ लाच. नंतरची टोपी आधीच्या फोटोवर चिकटवायचं हे काम इतकं सर्रास चालतं की आता मी यादीच्या पहिल्या पाच ओळी वाचतो आणि असलं एक जरी दिसलं तरी पुढे वाचत नाही.

मग खरी पाहुणी हजेरी कशाला म्हणायचं? १९७३. लंडनच्या मॉर्गन स्टुडिओत येस 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स' करतायत, स्टुडिओत गवताचे भारे आणि पुठ्ठ्याची गाय वगैरे आणून ठेवलीये, आणि त्याच इमारतीत ब्लॅक सॅबथ आपला अल्बम करतायत. येसच्या त्या अल्बमला कंटाळलेला वेकमन सॅबथवाल्यांकडे जाऊन बसतो आणि 'सॅब्रा कॅडाब्रा'वर कीबोर्ड वाजवतो. पैशाऐवजी बिअर घेतली असं सांगतात. माणूस बँडमध्ये आहे, बँड जोरात आहे, आणि तो भलत्याच घरात जाऊन वाजवतोय, याला म्हणतात अनपेक्षित. तसाच जेनेसिस बँडचा गायक पीटर गॅब्रिएल, कॅट स्टीव्हन्सच्या १९७० च्या 'मोना बोन जाकॉन'वर 'काटमांडू' नावाच्या गाण्यात बासरी वाजवतो. जेनेसिसला तेव्हा कुणी फारसं विचारत नव्हतं, पण तो जेनेसिसमध्येच होता. हा चालतो.

माझी सवय सांगतो. साधी वही, पेन्सिल, प्रत्येक नोंदीला तीन रकाने: रेकॉर्डिंग कधीचं, त्या दिवशी हा माणूस कुठल्या बँडमध्ये, आणि हे सांगतंय कोण. तिसरा रकाना रिकामा राहिला तर नोंद पेन्सिलमध्येच राहते. लोक म्हणतात एक्सेलमध्ये कर. करा तुम्ही.

कानाने वाद्य ओळखणं

आता माझ्या आवडीचा विषय. बोवीचं 'हीरोज', १९७७, बर्लिनचा हान्सा स्टुडिओ. गाणंभर मागे ती लांबच लांब, न तुटणारी, रडवेली गिटार आहे, ती रॉबर्ट फ्रिपची. क्रिमसन त्याने १९७४ लाच मोडलं होतं, न्यूयॉर्कला होता, बोवी आणि त्याच्यासोबत सिंथवर असलेला ब्रायन ईनो यांनी बोलावलं म्हणून विमानात बसला आणि आला.

पुण्यात एका ओळखीच्यांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही संगीताची क्विझ घेतो, प्रश्न काढायचं काम माझ्याकडे. मी हे गाणं वाजवून विचारलं की ही गिटार एवढी लांब कशी काय ताणलीये. एका टीमचा मुलगा प्रश्न संपायच्या आत उठला आणि म्हणाला ईबो. ईबो म्हणजे तळहातात मावणारं, बॅटरीवर चालणारं यंत्र, तारेजवळ धरलं की चुंबकाच्या जोरावर तार थरथरत ठेवतं. मी म्हटलं चूक. झालं, पोरगं पेटलं. मोबाइल काढला, दोन ठिकाणी लिहिलेलं दाखवलं, त्याची टीम ओरडायला लागली, दुसऱ्या टीमच्या काकांनी पण त्यालाच पाठिंबा दिला, तिकडे वडापाव गार होतायत आणि इकडे मार्क द्या मार्क द्या चाललंय.

नाही दिले. कारण ते रेकॉर्ड ज्याने बनवलं त्या टोनी व्हिस्कोंटीने हे सविस्तर सांगून ठेवलंय. ईबो वगैरे काही नाही, निव्वळ फीडबॅक. अ‍ॅम्प, म्हणजे गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर, मोठ्याने लावायचा, स्पीकरमधून आलेला आवाज गिटारच्या तारेला परत हलवतो, तार अजून वाजते, ते परत अ‍ॅम्पमध्ये जातं, असं चक्र. गिटारवाला स्पीकरपासून किती लांब उभा आहे यावर कुठला सूर धरला जाणार ते ठरतं. फ्रिपने कुठल्या सुराला कुठे उभं राहायचं ते हेरलं, जमिनीवर खुणा केल्या आणि वाजवता वाजवता त्या खुणांवरून पुढेमागे सरकत राहिला. वर ईनो त्या आवाजाला आपल्या सिंथमधून घालून फिरवत होता. असे तीन टेक झाले आणि व्हिस्कोंटीने त्यातला चांगला निवडायच्या ऐवजी तिन्ही एकावर एक ठेवले. म्हणून तो आवाज एका गिटारचा वाटतच नाही.

त्या मुलावरचा माझा राग ईबोसाठी नव्हता. राग याचा की त्याने गाणं कधी नीट ऐकलंच नव्हतं, उत्तर वाचलं होतं. पुढच्या वेळी एका गिटारवाल्या मित्राला ईबो घेऊन बोलावलं आणि दोन्ही आवाज लागोपाठ ऐकवले. ईबोचा सूर गुळगुळीत, एकसारखा. फीडबॅक जरा डळमळतो, सूर पकडायच्या आधी क्षणभर शोधल्यासारखा करतो. मुलाने हेडफोन लावून परत ऐकलं आणि गप्प बसला. आता तो चांगला ऐकतो, प्रश्न मात्र अजून संपायच्या आधीच उठतो.

आणि हो, ते बोवीचे बर्लिनवाले अल्बम ईनोने प्रोड्यूस केले नाहीत. बोवी आणि व्हिस्कोंटी. ईनो सोबतीला होता, वाजवत होता, डोकं लावत होता. याच्यावर जास्त लिहीत नाही, बीपी वाढतो.

एकाच माणसाला सगळं देऊन टाकणं

क्वीनचं 'इन्युएंडो', १९९१. मधला स्पॅनिश गिटारचा तुकडा. अर्धे लोक सगळं श्रेय क्वीनच्या गिटारवाल्या ब्रायन मेला देतात आणि ज्यांना नुकतंच कळलंय की त्यात येसचा स्टीव्ह हाऊ आहे ते सगळं हाऊला देतात. दोघेही वाजवतायत. हाऊ स्वित्झर्लंडमधल्या मोंत्रोला क्वीनच्या स्टुडिओत सहज डोकावला होता, त्यांनी बसवून घेतला. रेकॉर्डवर त्याचं नाव आहे, ते पण भटक्या गवयासारखा उल्लेख करून. नाव छापलेलं असताना कशाला अंदाज करायचा?

छापलेलं नाव हे सगळं नसतं

याच्या उलट पण होतं. कॅट स्टीव्हन्सच्या 'मॉर्निंग हॅज ब्रोकन'चा पियानो वेकमनचा, अल्बमवर नावच नाही. आणि आपल्याकडे तर कॅसेटच्या जमान्यात इनलेवर गाण्यांची नावं छापली तरी नशीब, वाजवणारे कोण हे कुठून कळणार. आता ऐकायच्या अ‍ॅपवर पण बऱ्याचदा गीतकार आणि प्रोड्यूसरवर गाडी थांबते.

आणि आठवणींवर तर अजिबात विसंबू नका, खुद्द वाजवणाऱ्याच्या पण. फिल कॉलिन्स १९७० मध्ये, जेनेसिसच्या आधी, जॉर्ज हॅरिसनच्या 'ऑल थिंग्ज मस्ट पास'साठी काँगा वाजवायला गेला होता. अल्बम आला तर ना त्याचं वाजवणं, ना नाव. पुढे कित्येक वर्षांनी, अल्बम नव्याने काढायचं चाललेलं तेव्हा, हॅरिसनने त्याला त्या सेशनची म्हणून एक टेप पाठवली. त्यातले काँगा इतके भयानक की कॉलिन्स हबकलाच, म्हणजे याच्यासाठी मला काढलं होतं तर! नंतर कळलं की हॅरिसनने रे कूपर या तालवादकाला मुद्दाम घाण वाजवायला सांगून ती टेप बनवली होती. निव्वळ थट्टा. हे कॉलिन्सनेच सांगितलंय. हे आपलं वाजवणं नाहीच, हे ज्याने वाजवलं त्यालाच ओळखता आलं नाही, तिथे तुम्ही फोनच्या स्पीकरवर काय ओळखणार.

बाकीच्या, पटापट

नावांचा गोंधळ. रोलिंग स्टोन्सच्या 'मिस यू'वरचा सॅक्सोफोन, १९७८, मेल कॉलिन्सचा, क्रिमसनवाला. फिल नाही. टोटोच्या 'स्टॉप लव्हिंग यू'वर मागे गातो तो येसचा जॉन अँडरसन. जेथ्रो टल बँडचा बासरीवाला इयन अँडरसन वेगळा.

शेजाऱ्याकडे जाणं. जॉन अँडरसन क्रिमसनच्या 'लिझर्ड'वर गातो, फ्रिप व्हॅन डर ग्राफ जनरेटर या प्रॉग बँडच्या 'पॉन हार्ट्स'वर वाजवतो. प्रॉगवाला प्रॉगवाल्याकडे गेला यात अनपेक्षित काय? फ्रिप ब्लाँडी या न्यू वेव्ह बँडच्या 'फेड अवे अँड रेडिएट'वर आहे, ते लिहा.

उलटी हजेरी, म्हणजे बाहेरचा माणूस प्रॉगवाल्यांकडे. पिंक फ्लॉइडच्या 'हॅव अ सिगार'वर बँडचा वॉटर्स गात नाही, गिल्मर पण नाही. तो रॉय हार्पर हा गायक, १९७५ मध्ये अ‍ॅबी रोडलाच स्वतःचं 'एचक्यू' करत होता, आणि गिल्मरने त्याच्या अल्बमवर गिटार वाजवली. ही देवाणघेवाण यादीत घ्या, पण वेगळ्या पानावर.

विनोदी रेकॉर्ड सोडून देणं. हे नवशिके हमखास करतात, कारण त्यांना सगळं गंभीर हवं असतं. रश या कॅनेडियन प्रॉग बँडच्या गेडी लीने बॉब आणि डग मॅकेंझी या कॅनेडियन विनोदी जोडीच्या 'टेक ऑफ'वर गायलंय, त्यातला रिक मोरॅनिस त्याचा शाळेतला दोस्त. १९८२ मध्ये ते अमेरिकेत सोळाव्या नंबरपर्यंत गेलं. रशचं स्वतःचं कुठलंही गाणं तिथे एकविसाच्या वर गेलं नाही. असली नोंद सोडून 'दुर्मिळ रत्नं' शोधत फिरायचं म्हणजे कमाल आहे.

आणि विंडोज विस्टा चालू होताना जो आवाज यायचा त्यात फ्रिपचा हात होता, हे प्रत्येक क्विझमध्ये कुणीतरी मला येऊन सांगतंच. माहितीये हो. अल्बम नाहीये तो.